लाल बटणाला हात कुणी लावला?

१. एक तारा

ताईला स्वतःचं लग्न मोडल्याचं ई-मेलने कळलं.

मेल अगदी सभ्य होता. 'आपल्या विनंतीनुसार लग्नासाठीचं हॉलचं बुकिंग रद्द करण्यात आलं आहे. पुन्हा कधी लग्न करायचं झाल्यास आमचा जरूर विचार करावा.' खाली पाच तारे आणि 'आमची सेवा कशी वाटली?' असा प्रश्न. ताईने एक तारा दिला, लॅपटॉप मिटला आणि शांतपणे म्हणाली, "मी कुणालाही कसलीही विनंती केलेली नाही."

ताई शांत झाली की आमच्या घरात सगळे चपला शोधायला लागतात.

हे दुसऱ्यांदा घडत होतं. पहिल्या वेळी हॉलमालकांनी 'झालं असेल चुकून' म्हणत बुकिंग परत चालू करून दिलं होतं. दुसऱ्या वेळीही दिलं, पण फोनवर नियम वाचून दाखवला. एखादं बुकिंग तिसऱ्यांदा रद्द झालं की ती तारीख आपोआप रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते. मग मालकांनाही काही करता येत नाही.

"असला आचरट नियम घातला तरी कुणी?" बाबांनी फोनवर आवाज चढवला.

"तुमच्या जावयांनी," मालक म्हणाले.

हे खरं होतं. ताईचा होणारा नवरा वेबसाइटवरचे फॉर्म बनवतो. म्हणजे तुम्ही नाव, पत्ता भरून शेवटी जे बटण दाबता ते, आणि ते दाबल्यावर पुढे जे काही होतं ते. हॉलची अख्खी बुकिंगची साइट त्यानेच बांधून दिली होती, म्हणून आम्हाला तो हॉल मिळाला होता. आमची आत्या त्याला 'बटणवाला' म्हणते. समोरही आणि मागेही. आत्या भेदभाव करत नाही.

आणि साइटच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं. दोन्ही वेळा 'रद्द करा' हे लाल बटण दाबलं गेलं. कुणाच्या नावाने? बटणवाल्याच्या.

"हॉल काय, दुसरा मिळेल," ताई म्हणाली. "पण हे त्याने केलं असेल, तर मला लग्नाआधी कळायला हवं. लग्नाआधी कळतं ती माहिती. नंतर कळतो तो संसार."

परवा पत्रिका छापायला जाणार होत्या. त्यावर नवऱ्या मुलाचं नाव राहणार की नाही, हे तोवर ठरायला हवं होतं.

"बाळा," आई मला म्हणाली, "तू काहीतरी कर. तुझं तसंही काही चाललेलं नसतं."

हे अन्यायाचं होतं. मी घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहितो. 'यंत्र चालू असताना आत बोट घालू नये' हे वाक्य माझं आहे. लाखो लोकांनी ते वाचलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी बोट घातलंय. त्यामुळे सूचना आणि माणूस यांच्यातलं अंतर मला चांगलं ठाऊक आहे. पण गुन्हेगार शोधायला एवढं पुरत नाही.

मी शंकाला फोन केला.

२. करून दाखवा

शंका ही ताईची मैत्रीण. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता तिच्या आईलाही आठवून सांगावं लागतं. ती टेस्टर आहे. इतरांनी बनवलेलं सॉफ्टवेअर मोडून दाखवायचा तिला पगार मिळतो आणि ती तो हक्काने घेते. तिने 'झालं' म्हटल्याशिवाय तिच्या ऑफिसात कुठलीच गोष्ट झालेली नसते. तिच्या साहेबांचं बारसंसुद्धा तिच्या मते अजून तपासायचं राहिलंय.

ती आली, आमची बेल वाजवली. वाजत असतानाच परत वाजवली. मग बोट तसंच दाबून धरलं.

"काय गं, आग लागलीय का?" बाबा धावत आले.

"नाही काका, बघत होते. चांगली आहे बेल. अडकत नाही."

आत येऊन बसल्यावर तिने एकच अट घातली. "मला कुणी काय केलं ते सांगायचं नाही. करून दाखवायचं. सांगताना माणूस जे करायला हवं होतं ते सांगतो. हात मात्र जे करतात तेच करतात."

पहिला संशयित कोपऱ्यात बसलाच होता. बटणवाला तेव्हा इतका कावराबावरा झाला होता की निर्दोष असला तरी शिक्षा व्हावी असं वाटत होतं.

"भावोजी, पाणी देऊ?" मी विचारलं.

"अजून भावोजी म्हणू नकोस," ताई म्हणाली.

"ओ साहेब, पाणी देऊ?"

बटणवाल्याने लॅपटॉप उघडला. फॉर्म साधा होता. वर आमच्या लग्नाची तारीख. खाली 'पाहुण्याचे नाव' अशी एकच चौकट. तिच्याखाली दोन बटणं. डावीकडे हिरवं 'जतन करा', उजवीकडे लाल 'रद्द करा'. ही साइटची नक्कल आहे, हिच्यात काही केलं तरी खऱ्या बुकिंगला धक्का लागत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं.

"नाव भर," शंका म्हणाली.

त्याने चौकटीत स्वतःचं नाव भरलं, माउस सरकवत नेऊन हिरव्या बटणावर टिचकी मारली. पडद्यावर आलं, 'आपली विनंती पूर्ण झाली. धन्यवाद.' नाव यादीत गेलं.

"आता लाल दाब."

त्याने दाबलं. 'आपली विनंती पूर्ण झाली. धन्यवाद.'

"दोन्हींना एकच निरोप?"

"वेळ नव्हता," तो म्हणाला.

"म्हणजे उद्या मी तुझ्याशी लग्न केलं काय आणि लग्न मोडलं काय," ताई म्हणाली, "तू मला 'धन्यवाद' म्हणणार."

त्याने मान खाली घातली. शंकाने पुढचा प्रश्न टाकला. "हे कुठल्या कम्प्युटरवरून झालं?"

"हॉलच्या बाहेरच्या दालनात ग्राहकांसाठी एक ठेवलाय, त्यावरून."

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"तिथेच. दोन्ही दिवशी. साइटचं थोडं काम होतं, म्हणून आत मालकांच्या खोलीत."

एवढं प्रामाणिक बोलणाऱ्या माणसाची केस कुठलाही वकील घेत नाही.

"तुझ्या नावाचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

"घरातल्या सगळ्यांना. पाहुण्यांची नावं भरायची होती ना, म्हणून मीच सांगितला होता."

"काय आहे पासवर्ड?"

तो अडखळला. मग हळूच ताईचं लहानपणीचं लाडाचं नाव म्हणाला. ताई लाल झाली. रागाने की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता, कारण तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.

हॉलमालक होते. रांगेतला पुढचा माणूस दालनात येऊन बसला होता आणि काहीच बोलायला तयार नव्हता.

३. मिठाची गुळणी

तो बोलणं शक्यच नव्हतं. तो मूकनाट्य मंडळाचा सचिव होता.

हॉलचं दालन लांबट होतं. एका भिंतीला खुर्च्या, दुसऱ्या भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात टेबलावर तो कम्प्युटर. दाराला काचेचं जड पान, त्यावर 'ओढा' असं लिहिलेलं. मी ते ढकललं. आतून मालकांनी खूण केल्यावर ओढलं.

सचिव आरशासमोर उभे राहून न दिसणारी शिडी चढत होते. उंच, किडकिडीत, हातांत पांढरे हातमोजे. मंडळाचा वार्षिक प्रयोग त्यांना नेमका आमच्याच तारखेला करायचा होता आणि तालमीसाठी ते रोज सकाळी इथे यायचे.

आधी शंकाने मालकांना धरलं.

"मला काय पडलंय?" मालक म्हणाले. त्यांच्या हातात कायम चहाचा कप असतो. "लग्न असो की मूकनाट्य. लग्नात स्पीकर फाटतात, खुर्च्या मोडतात, मुलीकडचे आणि मुलाकडचे माझ्या खोलीत येऊन भांडतात. मूकनाट्यवाले भांडले तरी मला ऐकू येत नाही. खरं सांगू? मला तेच बरे."

"म्हणजे तुम्हाला बुकिंग रद्द झालेलं हवंच होतं," मी चमकून म्हणालो.

"हवं होतं. पण मी केलं नाही. त्या यंत्राला मी हात लावत नाही. एकदा फक्त सूचना केली होती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आधी डावीकडे लाल बटण होतं आणि उजवीकडे हिरवं. म्हटलं, अहो, दारात आलेल्या माणसाला पहिलं 'रद्द' कशाला दाखवता? हिरवं आधी घ्या. पठ्ठ्याने जागच्या जागी बदलून दिलं. माझा चहा निवायच्या आत!"

"चहा निवायच्या आत," शंका हळूच म्हणाली आणि स्वतःशीच हसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. चहा निवायच्या आत झालेल्या कामांवर माझं घर चालतं."

मग आम्ही सचिवांकडे वळलो. त्यांनी अर्थातच मिठाची गुळणी धरली होती.

"तुम्ही लाल बटण दाबलंत?" शंकाने विचारलं.

सचिवांनी छातीवर हात ठेवला, हृदय बाहेर काढलं, ते आम्हाला दाखवलं, स्वच्छ असल्याची खात्री पटवली आणि परत जागेवर ठेवलं.

"नाही म्हणतायत," मी समजावून सांगितलं.

"त्या कम्प्युटरवर कुणाला बसलेलं पाहिलंत?"

सचिवांचा चेहरा उजळला. ते हवेतच खुर्चीवर बसले. पाठ ताठ, नाक छताकडे. दहाही बोटं खाली न बघता भराभर नाचायला लागली. मग अचानक डावा हात वर उचलून त्यांनी हवेतलं काहीतरी झपकन बाजूला ढकललं आणि लगेच उजव्या हाताने खाली एक सणसणीत फटका मारला. मग समाधानाने मान डोलावली. मग उठून, दाराबाहेर पडून, मालकांसारखे कपाळावर हात मारत परत आत आले.

"पियानो वाजवणारा माणूस," मी म्हणालो. "मध्येच माशी मारतो. मग मालकांना माशीचं वाईट वाटतं."

सचिवांनी डोळे मिटून घेतले. कलावंताला असे प्रेक्षक पाहावे लागतात.

शंकाने मात्र त्यांना ते आणखी एकदा करायला लावलं. विशेषतः डावा हात. "अरे," परत निघताना तिने मला विचारलं, "तुमच्या घरात रिकामी हवा ढकलणारं कुणी आहे का?"

आणि मी चालता चालता थांबलो. कारण होतं.

४. आत्याचं नाक

आमची आत्या एका मोठ्या कचेरीत टाइपिंग विभागाची प्रमुख होती. तिच्या हाताखाली टायपिस्ट बायकांची अख्खी फौज होती. ओळ संपली की टाइपरायटरचा वरचा दांडा डाव्या हाताने ढकलून परत जागेवर आणायचा, ही सवय तिच्या अंगात इतकी मुरलीय की जेवताना ताटातलं संपलं तरी तिचा डावा हात वर जातो. आम्ही त्या बाजूला बसत नाही.

बटणवाला पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्यासमोर टाइपरायटरचा विषय निघाला. तो कौतुकाने म्हणाला होता, "टाइपरायटर? ते अजून असतात?"

तेव्हापासून आत्या रुसली होती. लग्नाला येणार नाही, त्या मुलाच्या बटणांना हात लावणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. तिचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत. म्हणजे कारण होतं, संधी होती, आणि डावा हातही होता.

"चोराच्या मनात चांदणं," वाटेत मी म्हणालो. "बघशील तू, विषय काढला की घाबरेल."

आत्या घाबरली नाही. आत्याला बघून आम्ही घाबरलो.

"मी मोडलं लग्न?" तिने चष्म्यावरून बघितलं. "माझ्या भाचीचं? अरे, मला जर ते मोडायचं असतं तर मी त्या मुलासमोर बसून मोडलं असतं. चोरून कशाला?"

हे पटण्यासारखं होतं.

"आत्या, तुम्ही ते लाल बटण दाबलंत का?" शंकाने सरळच विचारलं.

"नाही. लाल नाही, हिरवंही नाही. त्याच्या कुठल्याच बटणाला मी बोट लावलेलं नाही. आणि तो माउस की काय, त्याला तर मी शिवतसुद्धा नाही. उजव्या हाताला एवढी बोटं दिलीयत ती काय एकट्या उंदराला कुरवाळायला?"

"शपथ?"

"माझ्या टाइपरायटरची शपथ."

याच्यापुढे आमच्या घरात अपील नसतं.

"मग दालनात कशाला जाता सकाळी?"

आत्याने नाक छताकडे केलं. "फिरायला जाते. पाय दुखले की बसते. बसायला आता पासवर्ड लागतो का?"

बाहेर पडल्यावर मी हताश झालो होतो. आत्या खोटं बोलत नाही. लाल बटणाला तिने हात लावलेला नाही म्हणजे नाही. बटणवाला नाही म्हणतो, मालक नाही म्हणतात, सचिव तर हृदय काढून दाखवतात. कुणीही न दाबता बटण दाबलं गेलं होतं.

"सगळे खरं बोलतायत," शंका म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लग्नघर दिसल्यासारखा आनंद होता. "एकजणही खोटं बोलत नाहीये. काय सुंदर केस आहे रे! उद्या सकाळी सगळ्यांना दालनात बोलाव."

"आत्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. त्या आपल्या आपण येतील."

५. ओढा

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा काचेतून आत सगळं दिसत होतं. आरशासमोर सचिव न दिसणारी दोरी खेचत होते. आतल्या खोलीच्या दारात मालक, हातात कप. आणि कोपऱ्यात कम्प्युटरसमोर, पाठ ताठ करून, आत्या.

तिने पासवर्ड टाकला होता. आमचं खरं बुकिंग पडद्यावर उघडं होतं. बोटं भराभर नाचत होती.

"अरे देवा, आधीच बसल्या!" शंका ओरडली. "आत चल! तिसरी वेळ आहे ही!"

मी दार ढकललं. दार हललं नाही. मी जोर लावला. ताई मागून आली, तिनेही जोर लावला. आई-बाबांनी लावला. बटणवाल्याने खांदा लावला. काचेवर आमच्या नाकांसमोर मोठ्या अक्षरात 'ओढा' लिहिलं होतं, आणि ते सगळे वाचत होते, आणि सगळे ढकलत होते.

आत आत्याची बोटं थांबली. ओळ संपली होती. तिचा डावा हात वर उठला, हवेतलं काहीतरी झपकन बाजूला ढकललं, आणि उजवा हात फटका मारायला उचलला गेला.

"थांबा!"

आवाज खणखणीत होता. जड काचेतूनही आम्हाला तो स्वच्छ ऐकू आला. आत्याचा हात हवेतच राहिला. मालकांच्या कपातला चहा सांडला.

ओरडले होते सचिव.

तारीख ज्यांना मिळणार होती, ते सचिव. न दिसणारी दोरी त्यांच्या हातातून सुटली होती आणि स्वतःचाच आवाज ऐकून ते आमच्यापेक्षा जास्त दचकले होते.

"बाई, ते एंटरचं बटण मारू नका हो!" ते हात जोडून म्हणाले. "तुम्ही ते मारलंत की थोड्या वेळाने मालक कपाळ बडवत येतात. दोन्ही वेळा बघितलंय मी. कालपासून यांना सांगतोय, तर हे म्हणतात माशी!"

शंकाने आम्हाला मागे सारलं आणि दार ओढलं. आम्ही सगळे एकदम आत पडलो.

६. हजेरी

"आत्या, तुम्ही काय करत होतात?" शंकाने विचारलं. "आता मात्र सांगा."

आत्याने आमच्याकडे बघितलं, मग बटणवाल्याकडे, मग छताकडे. छतावर उत्तर नव्हतं.

"माझ्या टायपिस्ट मैत्रिणींची नावं घालत होते पाहुण्यांत," ती पुटपुटली. "सगळ्या मिळून पत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते टाइप करून देणार आहेत. टाइपरायटरवर. अजून असतात म्हणावं ते. या मुलाच्या हातात पहिलं पाकीट पडलं असतं म्हणजे कळलं असतं."

"पण तू तर लग्नाला येणार नव्हतीस!" ताई म्हणाली.

"मी नव्हतेच येणार. मैत्रिणी येणार होत्या. त्यांना एकट्या कसं पाठवायचं, म्हणून मग..." आत्याचं नाक जरा खाली आलं. "पण हे यंत्र मेलं विसरभोळं. एक नाव घालायचं, 'विनंती पूर्ण झाली, धन्यवाद' म्हणायचं, आणि पुढच्या वेळी बघावं तर नाव गायब. म्हटलं परत घालू. यंत्राला यंत्राच्या कलाने घ्यावं लागतं."

"आता तुझा फॉर्म उघड," शंका बटणवाल्याला म्हणाली. "नक्कल. नाव भर, पण माउसला हात लावायचा नाही. आत्यांसारखं एंटर मार."

बटणवाल्याने नाव भरलं. एंटर मारलं. 'आपली विनंती पूर्ण झाली. धन्यवाद.'

त्याने नोंद उघडून बघितली आणि खुर्चीतच खचला. नोंदीत लिहिलं होतं: 'रद्द करा' दाबले.

"पण लाल बटणाला तर मी हातच लावला नाही!" तो म्हणाला.

"आत्याही तेच म्हणत होत्या," शंका म्हणाली. "चौकटीत लिहून एंटर मारलं की कम्प्युटर स्वतःच्या हाताने एक बटण दाबतो. कुठलं? फॉर्ममध्ये जे पहिलं असेल ते."

"पहिलं तर हिरवं आहे," बाबा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "हे काय, डावीकडे."

"ते तुम्हाला दिसतं ते, काका. वर्गातली मुलं जागा बदलून बसली तरी मास्तर हजेरी जुन्याच क्रमाने घेतात ना? मालकांनी सांगितलं, हिरवं आधी घ्या. या पठ्ठ्याने चहा निवायच्या आत काम केलं. म्हणजे बटणं पडद्यावर फक्त इकडची तिकडे बसवली. आतल्या हजेरीत पहिला नंबर लालचाच राहिला. कालच मला वास आला होता. क्रम नीट बदलून, सगळं परत तपासायचं तर चहा निवतो. आणि दोन्ही बटणांना निरोप एकच, त्यामुळे आत्यांना पत्ताच लागला नाही. हा रोज माउसने तपासायचा, म्हणून याला लागला नाही. माउसला न शिवणारं माणूस अख्ख्या घरात एकच होतं."

"काखेत कळसा," आई म्हणाली.

सचिवसुद्धा काही बोलले नाहीत, म्हणजे बघा.

"म्हणजे मीच," आत्या हळूच म्हणाली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "पोरीचं लग्न मीच मोडत होते. दोनदा."

बटणवाला उठला आणि तिच्यासमोर जाऊन खाली बसला. "नाही आत्या. मी मोडत होतो. तुमच्या हातून. तुम्ही अगदी बरोबर टाइप केलं होतंत, एक अक्षर चुकलेलं नाही. मी बघितलं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या टाइपरायटरला लाल बटण होतं का हो?"

"नव्हतं," आत्या म्हणाली. "आम्ही रद्द करायचं असेल तर कागद फाडायचो. समोरच्याला आवाज ऐकू यायचा."

"तेच करायला हवं होतं मी."

"आता करशील," आत्या म्हणाली, आणि तिचं नाक परत जागेवर गेलं. पण या वेळी ती त्याला बटणवाला म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही, फक्त त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. तो आधी दचकला. आम्ही सगळेच दचकलो.

मी ताईकडे बघितलं. ताईने खांदे उडवले. "म्हण," ती म्हणाली.

"भावोजी," मी म्हणालो, "पाणी देऊ?"

दुरुस्ती तिथेच झाली. भावोजींनी लाल बटण उचलून वेगळ्या पानावर नेलं, ते दाबलं तर आधी 'नक्की मोडायचं का?' असं विचारायची सोय केली, आणि दोन्हींना वेगवेगळे निरोप दिले. शंका शेजारी बसून दर पायरीला एंटर मारत होती. मालकांचा चहा निवला. त्यांनी दुसरा आणला. तोही निवला. तिसऱ्या कपाला शंका म्हणाली, "झालं."

मग आत्याने एंटर मारून पहिलं नाव घातलं आणि ते यादीत राहिलं.

७. चार तारे

तारीख आमची राहिली. सचिवांची संध्याकाळ राहिली. मालकांनीच सुचवलं, दिवसा लग्न, नंतर प्रयोग. मंडळाने सचिवांवर शिस्तभंगाची कारवाई केली, पण ती मूकनाट्याने केल्यामुळे ती बढती आहे असा त्यांचा समज झाला. तेव्हापासून ते जे बोलायला लागले ते थांबतच नाहीत.

पाकिटं टाइप होऊन आली. अक्षरं कागदात अशी रुतलेली की बोटाला लागावीत. भावोजींनी पहिलं पाकीट चौकटीत घालून भिंतीवर लावलं. त्यांच्याच नावाचं होतं आणि ते न उघडताच लावलं, त्यामुळे त्यांना आत काय आहे ते वाचायला मिळालेलं नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या एका बाजूला टायपिस्ट मैत्रिणी ताठ बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला मूकनाट्य मंडळ आवाज न करता टाळ्या वाजवत होतं. नोंदणी अधिकाऱ्यांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला. वधूवरांची नावं भरलेली, खाली दोन बटणं. 'संमती आहे' आणि 'संमती नाही'.

सगळा हॉल खुर्च्यांवर पुढे सरकला.

"शंका?" ताई म्हणाली.

शंका पुढे आली, वाकली, आतली हजेरी तपासली. "पहिलं 'संमती आहे' आहे. चालेल."

"आत्या," ताई म्हणाली, "तू मार."

आत्या उठली. पाठ ताठ केली. डावा हात वर उचलला, आणि त्याबरोबर तिकडे ओळीने बसलेल्या सगळ्या मैत्रिणींचे डावे हात वर गेले. सगळ्यांनी मिळून हवा बाजूला ढकलली. आत्याने एंटरवर फटका मारला. लॅपटॉप टेबलावर उडाला.

पडद्यावर आलं: 'आपली विनंती पूर्ण झाली. धन्यवाद.'

"कुठली विनंती?" ताईने विचारलं.

भावोजी छताकडे बघायला लागले.

"भावोजी," मी विचारलं, "हे पान कुणी बनवलंय?"

"खूप जुनं काम आहे ते," ते म्हणाले. "अगदी शिकत होतो तेव्हाचं."

शंकाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. नोंद उघडली. वाचली. परत वाचली. डोळे बारीक केले.

"झालं," शंका म्हणाली.

मंडळाने इतक्या जोरात मुक्या टाळ्या वाजवल्या की वारा आला.

पानाच्या तळाशी पाच तारे होते आणि 'आमची सेवा कशी वाटली?' असा प्रश्न. ताईने नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ विचार केला, आणि चार दिले.